फुटक्या कोषांचा दोरा

मी शिवलेली गोधडी हातात आली की लोक आधी ती उलटी करून बघतात. उलट्या बाजूलाही टाके तसेच, बारीक आणि एका रांगेत. मग कुणीतरी विचारतंच, "मशीनवर मारली का हो?" हे ऐकलं की मला राग येतो आणि आतून गुदगुल्याही होतात. परभणीत आमच्या कॉलनीत कुणाकडे बाळ यायचं असलं की जुन्या साड्यांचं गाठोडं माझ्या दारात येऊन पडतं. मी थोडे आढेवेढे घेते, वेळ नाही म्हणते, आणि ते गेले की लगेच गाठोडं सोडून बसते. मला चांगलं शिवता येतं आणि ते सांगायला मी लाजत नाही.

माझा हा तोरा सगळ्यात जास्त कुणी सहन केला असेल तर तो अक्कांनी. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. येलदरी धरणाजवळच्या आमच्या गावी मी नवी नवरी म्हणून गेले तेव्हा मला सुई नीट धरता येत नव्हती. दुपारची कामं आवरली की अक्का ओसरीवर साड्यांचे थर पसरायच्या, चारी कडांना पाटे-वरवंटे ठेवायच्या आणि मला शेजारी बसवायच्या. त्यांचा टाका लांब पण घट्ट. माझा हळूहळू बारीक होत गेला, इतका की एक ओळ पुरी व्हायला माझी सगळी दुपार जायची. अक्का म्हणायच्या, "आपल्याला पांघरायचीय गं. भितीला टांगायची न्हाई." मी ऐकलं नाही. मी कुणाचंच ऐकत नाही.

अलीकडे मला रेशमी दोऱ्याचं वेड लागलं. गोधडीवर मी कापडाची नक्षी बसवते: पान, पोपट, आंबा. तो आकार कापून, कड आत दुमडून, अगदी कडेवर टाके घालावे लागतात. सुती दोरा जाड पडतो, कडेवर मुंग्यांसारखा दिसत राहतो. रेशमी दोरा बारीक आणि गुळगुळीत. तो कापडात शिरतो आणि दिसेनासा होतो, पोपट आपणहून येऊन बसल्यासारखा वाटतो. दुकानदार रेशीम म्हणून चकचकीत पॉलिस्टर गळ्यात मारायला बघतात. मी दोऱ्याचं टोक काडीनं जाळून बघते आणि केस जळल्यासारखा वास आला तरच रीळ घेते. त्यामुळे मला पाहिलं की ते काडेपेटी लपवतात.

अशी पहिली गोधडी झाली तेव्हा मी ती मुद्दाम गावी घेऊन गेले. अक्कांनी चष्मा पुसला, पोपटाच्या पोटावरून बोट फिरवलं.

"टाका कुटाय?"

"दिसत न्हाई. तेच तर!"

"दिसतच न्हाई तर कळायचं कसं, कुणी शिवलं म्हणून?"

जळतात, असं मी मनात म्हटलं आणि गोधडीची घडी घातली.

खरं तर रेशीम माझ्यापेक्षा अक्कांच्या घरचं. दोन एकरांत तुती, शेताच्या कडेला हिरव्या जाळीची लांबलचक शेड, आत मांडण्यांवर हजारो अळ्या. त्या शेडमध्ये जाताना चपला बाहेर काढायच्या, पाय चुन्यात बुडवायचे, आणि तंबाखू तर दाराच्या आतही आणायची नाही. तिच्या वासानंसुद्धा अळ्या मरतात. थोरले दीर आपली चंची चपलेत खुपसून ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून बाहेर यायचे. अक्का मात्र आतच. अळ्या कात टाकायला निश्चल झाल्या की त्या आवाज खाली करून बोलायच्या. "लेकरं निजलेत," म्हणायच्या, आणि मी हसले तर डोळे वटारायच्या.

कोष तयार झाले की ते जाळीच्या पोत्यांत भरून बाजारात जायचे. त्या दिवशी अक्का भल्या सकाळी विळा घेऊन तुतीत जायच्या आणि टेम्पो गेल्यावरच परत यायच्या. धागा काढण्यासाठी कोष उकळत्या पाण्यात टाकतात, आतल्या जिवासकट. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे. अक्कांनी आयुष्यात रेशमी साडी नेसली नाही. लेकीच्या लग्नातसुद्धा सुती इरकल. मी एकदा बोलून गेले, "धंदा बी करायचा आन् सोवळं बी पाळायचं, असं कुटं असतंय का अक्का?"

"इकावं लागतंय म्हून इकतो. अंगावर न्हाई घ्यायचं," त्या म्हणाल्या. "तुला न्हाई कळायचं."

मला खरंच कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी तुतीच्या फांद्यांचा भारा आणताना अक्का बांधावरून घसरल्या आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं मिटेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो पहिल्याच आठवड्यात बाजेखाली गेला आणि तिथंच राहिला. भाकरी थापता येईना तर त्यांनी डाव्या हातानं थापायला सुरुवात केली, वाकडी झाली तर "गिळा तसंच" म्हणू लागल्या. पण त्याच सुमारास लेकीकडून बातमी आली. लेक चारठाण्याला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं.

आमच्या घरी रीत अशी, की लेकीच्या पहिल्या बाळाची पहिली गोधडी तिच्या आईनंच शिवायची. घरातल्या बायकांच्या नेसून मऊ झालेल्या साड्या त्यासाठी घ्यायच्या. शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात चिमूटभर ज्वारी घालायची आणि मग तो शिवून टाकायचा, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही आणि तिच्यावर निजणारंही. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. माझ्या पोटात पहिलं बाळ होतं तेव्हा मी ही रीत ऐकली आणि माजघरात जाऊन रडले. अक्कांनी काही विचारलं नाही. बाळ झालं तेव्हा उशाशी गोधडी होती आणि तिच्या कोपऱ्यात ज्वारी बोटांना लागत होती. त्या बाईचं माझ्यावर किती प्रेम आहे हे मला त्या दिवशी समजलं. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

म्हणून बातमी कळताच मी एसटीनं जिंतूर आणि पुढे जीपनं गावी गेले. अक्का ओसरीवर बसल्या होत्या. पुढ्यात तीन साड्यांचे थर: एक त्यांची, एक माझी आणि एक गेलेल्या सासूबाईंची. सुई मधेच अडकली होती. सुती दोरा ओढायला बोटांत जोर नव्हता, म्हणून त्या सुई दातांत धरून ओढत होत्या. ओढल्याबरोबर जुनं कापड टरकलं. त्यांनी वर पाहिलं आणि मला बघून सुई खाली ठेवली.

"तूच शिव बाई. तुजा हात चांगलाय."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. आणि आता ते आलं तर मला ते नको होतं. मला त्यांनी पूर्वीसारखं "भितीला टांगायची का" असं टोचून बोलायला हवं होतं.

मी पर्समधून रेशमाचं रीळ काढलं, बारीक सुईत ओवलं आणि त्यांच्या हातात दिलं. "ह्यानं बघा जरा." त्यांनी टाका घातला. दोरा पाण्यासारखा सरकत बाहेर आला, ओढावाच लागला नाही. दुसरा टाका, तिसरा. त्या वीतभर शिवत गेल्या आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की मी दुसरीकडे बघू लागले. मग त्या थांबल्या. दोरा तोडला, घातलेले टाके सुईच्या टोकानं एकेक उसवले आणि रीळ मला परत दिलं.

"न्हाई गं. जल्मायच्या लेकराच्या अंगाखाली उकळलेला जीव न्हाई घालायचा."

माझं डोकंच फिरलं. हात चालेना, कापूस चालेना, रेशीम चालेना, मग गोधडी काय वाऱ्यानं शिवायची? मी हे सगळं मोठ्यानं बोलले. अक्का म्हणाल्या, "म्हून तर म्हनलं, तूच शिव." मी चहासुद्धा न घेता परतीची जीप पकडली आणि जिंतूरपर्यंत ड्रायव्हरशी कारण नसताना भांडले.

पुढची भेट डोहाळजेवणाला. लेकीला फुलांचे दागिने घालतात, पण अक्कांच्या डोक्यात आलं की आपल्या घरचे कोषच का नकोत. पांढरेशुभ्र कोष ओवून मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा करायचा. कल्पना इतकी सुंदर होती की मी रुसवा विसरून गेले आणि आदल्या दिवशी बसून सगळे दागिने केले. पाच-सहा कोष टोचून बघितले, सुई आरपार जाईना, तेव्हा बाकीचे सगळे मी न टोचता सोनेरी कागदावर दोऱ्यानं बांधले. माझ्या मते तोच जास्त शोभिवंत प्रकार होता.

आता यात एक गोम होती. कोष ठेवायचे असतील तर आधी कडक उन्हात तापवायचे असतात, नाहीतर आतला पतंग कोष फोडून बाहेर येतो. गावातल्या पोरासोरांनाही हे माहीत. अक्कांनी टोपलीभर कोष बाजूला काढले होते, पण उन्हात घालायला त्यांचं मन होईना. कार्यक्रम लवकरच आहे, तोपर्यंत कुठे फुटतायत, असा त्यांनी हिशेब केला. मग व्याह्यांच्या घरी कुणी आजारी पडलं, कार्यक्रम पुढे गेला, आणि टोपलीचा हिशेब पुन्हा करायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

हिरवी इरकल नेसून लेक झोपाळ्यावर बसली. बायका गाणी म्हणत होत्या, विहीणबाई ओटी भरायला वाकल्या, आणि मुकुट हलला. आधी मला वाटलं वारा आहे. मग एका कोषाचं टोक ओलं झालं आणि त्यातून एक गुबगुबीत पांढरा पतंग कण्हत कुंथत बाहेर आला. त्याच्यामागून बाजूबंदातून दुसरा. कंबरपट्ट्यातून तर रांगच लागली. बायका किंचाळत उठल्या, कुणाचं ताट लवंडलं. रेशमाच्या पतंगाला धड उडता येत नाही. ते लेकीच्या केसांत, खांद्यावर, पदरावर नुसते पंख फडफडवत चढू लागले, आणि बाहेर आल्याबरोबर पोट मोकळं करण्याची त्यांची सवय असल्यानं हिरव्या पदरावर तपकिरी थेंब पडत गेले. लेक मात्र पोट धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईतो.

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. भरल्या पोटाच्या पोरीवर आपण काय हे ओढवलं, असं त्यांच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं. तेवढ्यात विहीणबाईंनी आपल्या हातावर चढलेला पतंग उचलून नीट बघितला आणि म्हणाल्या, "अवं घाबरायलाव कशाला? पोरीच्या अंगावर एवढे जीव जल्माला आले. ह्याच्याहून चांगली ओटी कुटली असतीय?" बायका परत बसल्या. त्या बाईला मी आजही मनातून हात जोडते.

पाहुणे गेल्यावर अक्कांनी एकेक पतंग उचलून सुपात ठेवला. पतंग काही खात नाहीत हे त्यांना चांगलं माहीत असूनही सुपात तुतीची कोवळी पानं टाकली. मग झोपाळ्याखालचे फुटके कोष गोळा करत बसल्या. फुटक्या कोषाला बाजारात कुणी विचारत नाही, कारण त्याचा सलग धागा निघत नाही. मी म्हटलं, "टाकून द्या आता." एक कोष त्या बोटांत फिरवत होत्या, भोकातून आत बघत होत्या.

आठवड्याभरात फोन आला. "येतीस का? येताना धुन्याचा सोडा घिऊन ये."

मी गेले तेव्हा चुलीवर पातेलं होतं. फुटके कोष सोड्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, वाळवून, पिंजून त्यांनी त्यांचा कापसासारखा पुंजका केला. मग भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसल्या, आणि आपण देवाच्या वाती वळतो तसं ते रेशीम मांडीवर वळायला लागल्या. डाव्या हातानं ओढायचं, उजव्या तळव्यानं वळायचं. बोटं मिटायची गरज नव्हती. दोरा निघाला तो जाडाभरडा, मधेच गाठ, मधेच बारीक, रंग ताकासारखा.

"सुतळी हाय का काय ही?" मी म्हटलं.

"आसंल. पन ह्यातला जीव आपल्या पायानं भाईर गेलाय. तू बघितलंस की."

मी बघितलं होतं. त्यांच्या सोवळ्याचा अर्थ मला त्या सुतळीकडे बघताना पहिल्यांदा समजला, आणि मी उरलेलं रेशीम पिंजायला घेतलं.

दोरा ओबडधोबड असला तरी शेवटी रेशीमच. मऊ कापडातून तो सरकायचा, अडला तरी हलक्या ओढीनं सुटायचा. त्यात रोज वळून वळून अक्कांची बोटं सैल होत होती. चेंडू बाजेखालीच होता. हिरव्या इरकलीवरचे थेंब काही धुऊन गेले नाहीत, तेव्हा लेकीनंच पदर कापून दिला. त्याचं मी तुतीचं मोठं पान कापलं, तपकिरी थेंबांसकट, आणि गोधडीच्या मधोमध टाचून दिलं. कडेनं टाके अक्का घालत होत्या. लांब, आखूड, एक वर गेलेला, एक खाली उतरलेला. माझे हात नुसते शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसायची.

निम्मी गोधडी झाली आणि लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. जिंतूरच्या दवाखान्यात निघताना अक्कांनी गोधडी आणि उरलेला दोरा माझ्या पिशवीत कोंबला. जीपमध्ये एक पाय ठेवून त्या माझ्या कानाशी आल्या.

"बारशापातूर पुरी कर. आन् माजे टाके लईच वंगाळ दिसले तर उसव. बिनधास्त उसव. पन मला सांगू नगो."

मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी परभणीला घरी येऊन गॅलरीतल्या उन्हात गोधडी पसरली. अक्कांच्या शेवटच्या टाक्यापासून मी माझी ओळ सुरू केली. हात सवयीनं चालला. वीतभर शिवून मी गोधडी लांब धरून बघितली आणि मला कसंतरी झालं. माझी ओळ सुरेख होती. आणि तिच्यामुळे अक्कांची निम्मी गोधडी केविलवाणी दिसत होती. बारशाला बायका गोधडी उलटी करणारच. हा टाका कुणाचा, तो कुणाचा, हे आंधळ्यालाही कळलं असतं, आणि अक्का तिथेच समोर बसलेल्या असणार.

दोघींपैकी एकीची ओळ तर उसवायलाच हवी होती. मी कात्री घेतली आणि माझी उसवली.

मग सुई डाव्या हातात धरली. वाकडं शिवणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. डावा हात वाकडा जायचा, पण अक्कांसारखा वाकडा जायचा नाही. त्यांचे टाके वर चढताना आखूड व्हायचे आणि उतरताना लांब, कारण मनगट दुखून त्या मधेच सोडायच्या. मी त्यांच्या ओळींवर बोट ठेवून ठेवून ते शिकले. सुई टोचून बोटांची चाळण झाली. मुलगा म्हणाला, "आई, हे काय करायलीस? बिघडवलीस की!" मी त्याला चहा करायला पाठवलं. इतक्या लाडानं मी आजवर एकही गोधडी शिवली नव्हती. शेवटचा कोपरा मी उघडा ठेवला.

बारशाला बायकांनी गोधडी उलटी केली, सुलटी केली. एकीनं माझ्याकडे बघून म्हटलं, "औंदा तुमचा हात दिसत न्हाई हिच्यावर." "अक्कांनी शिवलीय," मी म्हटलं. अक्कांनी झटकन माझ्याकडे पाहिलं आणि पाळण्याची दोरी धरली.

बायका पांगल्यावर त्या बाळाला मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसल्या. गोधडी पुढ्यात ओढली. पानापासून सुरुवात करून त्यांचं बोट एकेका ओळीवरून जाऊ लागलं, कडेपर्यंत गेलं, परत आलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"उसवलेस ना माजे?"

"एक बी न्हाई."

"मग तुजे टाके कुटायत?"

"हुडका की."

त्यांनी खूप वेळ शोधलं. बाळानं आळस दिला, मूठ सोडली, पुन्हा मिटली. अक्कांचं बोट एका जागी थांबलं, पुढे सरकलं, परत थांबलं. मग त्यांनी माझी टोचलेली बोटं उलटून बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं.

"दिसतच न्हाईत की गं," त्या म्हणाल्या.

"तेच तर, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी बाळ माझ्या मांडीवर दिलं, पदराच्या गाठीतून चिमूटभर ज्वारी सोडली आणि सुईत दोरा ओवायला घेतला.